स्लाइडवरची मराठी गायब झाली तेव्हा

परवा खानापूरला बचत गटाच्या मीटिंगात स्लाइड दाखवायच्या होत्या, घरी येळ्ळूरला लॅपटॉपवर पॉवरपॉइंटमध्ये सगळं झक्कास बसवलेलं, आणि तिथल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला तर मराठीच्या जागी नुसती एबीसीडी न् कंसांची खिचडी! एक मावशी म्हणाल्या, "हे कन्नडबी न्हाई, मराठीबी न्हाई, काय वो हे?" त्या दिवशी तोंडीच सांगून निभावलं.

घरी येऊन बघितलं तर चूक माझीच की. जुना, युनिकोड (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा कोड देणारी पद्धत) नसलेला फॉन्ट वापरलेला. त्यात इंग्रजी अक्षरांच्याच कोडवर मराठी आकार बसवलेले असतात, म्हणजे फॉन्ट नसलेल्या मशीनवर खालचं इंग्रजी उघडं पडतं. मग मुकाट्याने सगळं युनिकोडमध्ये परत टाइप केलं, विंडोजमधलाच निर्मला यूआय फॉन्ट लावला. शीर्षकाचा फॉन्ट एकेका स्लाइडवर बदलत बसलो नाही, व्ह्यूमध्ये जाऊन स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात, एकदाच बदलला. (हे आधी ठाऊक असतं तर किती रात्री वाचल्या असत्या!) शिवाय फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर टिक केली, म्हणजे फॉन्ट फाइलबरोबरच जातो, पण लायसन्समुळे काही फॉन्ट एम्बेड होत नाहीत बरं का.

पुढच्या मीटिंगला स्लाइड शो सुरू करायला एफ 5 दाबलं, मराठी जशीच्या तशी, मावशी खूश.