खासगी नर्सिंग स्कूल निवडताना आधी वॉर्ड पाहावा

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यातील बसस्थानकांच्या भिंती आणि चौकातले विजेचे खांब नर्सिंग प्रवेशाच्या जाहिरातींनी भरून जातात, आणि त्यातील बहुतेक जाहिरातींत मान्यता, होस्टेल आणि नोकरीची शंभर टक्के हमी या तीनच गोष्टी असतात. मी स्वतः बीड जिल्ह्यातील एका खासगी विद्यालयातून जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे परिचर्या व प्रसूतीसेवा) केले असून सध्या शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून काम करते. आमच्या वॉर्डात वेगवेगळ्या खासगी स्कूलच्या मुली पोस्टिंगसाठी, म्हणजे वॉर्डातील प्रत्यक्ष सरावासाठी, येतात. कोणत्या स्कूलची मुलगी रुग्णाजवळ कशी उभी राहते, टीपीआर चार्ट (ताप, नाडी आणि श्वास यांचा तक्ता) कसा भरते, सलाईनचे थेंब मोजते की नुसते पाहते, हे सकाळच्या पहिल्या तासातच लक्षात येते आणि त्यावरून त्या स्कूलमध्ये काय शिकवले जाते याचा अंदाजही येतो. खाली लिहिलेले बहुतेक सगळे या निरीक्षणातून आलेले आहे.

प्रथम अभ्यासक्रमांविषयी. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे आणि जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात, म्हणजे सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे असलेल्या केंद्रात, आरोग्य सेविका म्हणून काम करण्याचा मार्ग त्यातून जातो. जीएनएम तीन वर्षांचा असून त्यातच सहा महिन्यांची इंटर्नशिप येते. बारावीला कोणतीही शाखा चालते, मात्र इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते, त्याला विज्ञान शाखेत जीवशास्त्र असणे आवश्यक आहे आणि प्रवेश राज्याच्या सीईटीमार्फत होतो. जीएनएम आणि एएनएमच्या प्रवेशाची पद्धत त्या-त्या वर्षीच्या अधिसूचनेतच वाचावी, मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला जसा प्रवेश मिळाला तसाच आपल्यालाही मिळेल असे धरून चालू नये. शासकीय विद्यालयात जागा मिळण्याची थोडी जरी शक्यता असेल तरी तिथे आधी अर्ज करावा. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अशा ठिकाणी रुग्णांची जी विविधता पाहायला मिळते ती कोणत्याही खासगी ट्रस्टला विकत घेता येत नाही.

या तिन्ही अभ्यासक्रमांच्या शेजारी आणखी एक दुकान मांडलेले असते आणि गरीब घरातील मुली सर्वांत जास्त तिथे फसतात. सहा महिन्यांचा किंवा एका वर्षाचा ‘नर्सिंग डिप्लोमा’, ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ अशा नावांनी हे अभ्यासक्रम चालतात आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर एखाद्या कौशल्य किंवा व्यवसाय शिक्षण मंडळाचे नावही असू शकते. रुग्णाची शुश्रूषा करणारी मदतनीस तयार करणे हा प्रामाणिक उद्देश असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर शासकीय भरतीचा अर्जसुद्धा भरता येत नाही. म्हणून समोरच्या माणसाला अगदी सरळ विचारावे: ‘हा कोर्स झाल्यावर माझी परिचर्या परिषदेत नोंदणी होईल का, आणि एएनएम म्हणून होईल की जीएनएम म्हणून?’ या प्रश्नाला ‘सगळं होतं, तुम्ही आधी सीट बुक करा’ असे उत्तर मिळाले तर चहा पिऊन निघावे.

मान्यतेची कागदपत्रे स्कूलच्या कार्यालयातील काचेच्या चौकटीत लावलेली असतात, मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नये, कारण चौकटीतील कागद कोणत्या वर्षाचा आहे हे तारीख पाहिल्याशिवाय कळत नाही. राज्य शासनाची परवानगी, परिचर्या परिषदेची मान्यता आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेशी संलग्नता या तिन्ही गोष्टी लागतात. जीएनएम व एएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर बी.एस्सी. नर्सिंगची पदवी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. यांच्या संकेतस्थळांवर संस्थांच्या याद्या असतात. तिथे संस्थेचे नाव, गाव, अभ्यासक्रम, वर्ष आणि मंजूर जागा या पाचही गोष्टी जुळवून पाहाव्यात. एकाच ट्रस्टच्या दोन गावांतील शाखांपैकी एकीलाच मान्यता असणे किंवा मंजुरी एएनएमची असताना प्रवेश जीएनएमच्या नावाने घेणे हे प्रकार नाव वरवर पाहिल्याने सुटून जातात. लातूर, नांदेड आणि धाराशिवच्या सीमेवरील मुली बिदर किंवा कलबुर्गीकडेही जातात. तिकडे शिकल्यास आधी कर्नाटकच्या परिषदेत नोंदणी आणि मग ती महाराष्ट्रात वळवून घेणे असा दुहेरी व्याप असतो, तो आधीच ठाऊक असावा.

आता मुख्य मुद्दा. नर्सिंगचा खरा वर्ग रुग्णाच्या खाटेजवळ भरतो. स्कूलला स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय असावे आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत, असे निकष आहेत. प्रत्यक्षात मराठवाड्यातील लहान शहरांत ‘१०० खाटा’ हे शब्द पाटीवर असतात आणि आत मोजके रुग्ण असतात, बाकी गाद्यांवरचे प्लॅस्टिकही काढलेले नसते. म्हणून प्रवेशापूर्वी भेट द्यायची तर ती प्राचार्यांची वेळ घेऊन, दुपारी, कार्यालयात बसून देऊ नये. एखाद्या साध्या दिवशी, मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी आठच्या सुमारास थेट त्यांच्या रुग्णालयात जावे, ओपीडीच्या रांगेजवळ उभे राहावे आणि केसपेपर काढणाऱ्यांची गर्दी किती आहे ते पाहावे. नातेवाइकाला भेटायला आल्यासारखे वॉर्डाच्या दारापर्यंत जाता येते. लेबर रूम चालू आहे का, बाळंतिणींचा वॉर्ड भरलेला आहे का, रात्रीचे शस्त्रक्रियेचे रुग्ण आहेत का, एवढे तिथूनही कळते. इन्स्पेक्शनच्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसे आणून खाटांवर निजवली जातात, हे आमच्या क्षेत्रातील उघडे गुपित आहे, त्यामुळे तपासणी पथकाने काय पाहिले यापेक्षा तुम्ही काय पाहिले याला अधिक महत्त्व द्यावे.

स्वतःचे रुग्णालय लहान असले तरी ते स्कूल लगेच बाद ठरत नाही. जिल्हा रुग्णालयाशी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी लेखी करार असेल, मुलींना ठरलेल्या महिन्यांत खरोखर पोस्टिंगला पाठवले जात असेल आणि सोबत त्यांची ट्यूटर येत असेल, तर शिक्षण चांगले होऊ शकते. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. आमच्या वॉर्डात काही स्कूलच्या मुली येतात तेव्हा त्यांची ट्यूटर सकाळच्या राउंडपासून सोबत असते, कॅथेटर घालताना शेजारी उभी राहते आणि चुकल्यावर बाजूला नेऊन समजावते. दुसऱ्या काही स्कूलच्या मुलींना वाहनातून उतरवले जाते ते थेट दुपारी न्यायलाच कोणी येते. मधल्या वेळेत त्या मुली आमच्या मेहरबानीवर असतात, आणि साठ रुग्णांसाठी दोन सिस्टर असलेल्या वॉर्डात आम्हाला शिकवायला सवड कुठून मिळणार? मग त्यांच्या वाट्याला फायली नेणे, रक्ताचे नमुने लॅबला पोहोचवणे आणि बेडशीट बदलणे एवढेच उरते.

स्कूलची पारख करण्यासाठी एक वस्तू आवर्जून मागून पाहावी, ती म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या मुलीचे केसबुक. त्यात तिने सांभाळलेले रुग्ण, केलेल्या प्रक्रिया, मिडवायफरीतील प्रसूती यांची नोंद असते आणि प्रत्येक नोंदीखाली तारखेसह सही लागते. खऱ्या केसबुकाची पाने मळलेली असतात, शाई बदललेली असते, कुठे आयोडीनचा डाग असतो, सह्याही वेगवेगळ्या हातांच्या असतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होस्टेलवर बसून भरलेले केसबुक मात्र एकाच पेनाचे, एकाच वळणाचे आणि कमालीचे स्वच्छ असते, आणि सगळ्या सह्या एका बैठकीत ओढलेल्या दिसतात. अशीच दुसरी खूण प्रात्यक्षिकाच्या खोलीत मिळते. इंजेक्शनच्या सरावासाठी ठेवलेल्या रबरी हातावर सुयांची भोके पडलेली असतील तर तो हात वापरात आहे, आणि तो कपाटात पिशवीत गुंडाळून ठेवलेला असेल तर तो केवळ इन्स्पेक्शनसाठी आहे.

‘हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला आलात तरी चालेल’ असे आमिष काही ठिकाणी आजही दाखवले जाते, आणि घरकाम, शेती किंवा लवकर ठरलेले लग्न यांमुळे पालकांना ते सोयीचे वाटते. नियमाप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि प्रमाणपत्रापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण करावी लागते. नियम बाजूला ठेवला तरी अशी मुलगी पुढे रात्रपाळीत एकटी असताना इन्सुलिनचा डोस काढणार आहे, एवढे पालकांनी लक्षात घ्यावे. असे स्कूल मला फुकट मिळाले असते तरी मी घेतले नसते.

पैशांच्या बाबतीत शिक्षण शुल्काचा एकच आकडा ऐकून घरी जाऊ नये. होस्टेल, मेस, गणवेश, पुस्तके, परीक्षा शुल्क, पोस्टिंगचा प्रवास आणि परत मिळणारी अनामत असे सर्व वेगळे लिहून, तिन्ही वर्षांचे, संस्थेच्या लेटरहेडवर मागावे. जे पावतीवर येत नाही ते देऊ नये. देणगीच्या नावाने पैसे उकळण्याला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, हे पालकांनी माहीत असल्यासारखे शांतपणे बोलून दाखवले तरी पुष्कळदा आकडा खाली येतो. शिष्यवृत्तीसाठी ते स्कूल आणि तोच अभ्यासक्रम महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आहे का, हे स्वतः पोर्टल उघडून पाहावे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत २०२४ पासून आहे, मात्र ती शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना आहे, संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला नाही. एजंट हे वाक्य कधीच पूर्ण सांगत नाही.

बीड, जालना, परभणीकडील ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी आणखी एक गोष्ट लिहिते. घरात पैसा येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून मिळणाऱ्या उचलीच्या, म्हणजे आगाऊ मजुरीच्या, रूपाने, आणि त्यानंतर आईवडील कोयता घेऊन पाच-सहा महिने कारखान्यावर असतात. त्यामुळे हप्त्यांच्या तारखा प्रवेशाच्या वेळीच त्याप्रमाणे ठरवून लिहून घ्याव्यात, आणि पालकांच्या गैरहजेरीत होस्टेलवर कोणाला भेटू दिले जाईल, आजारी पडल्यास कोणाला फोन जाईल, तेही नोंदवून घ्यावे. होस्टेल ते रुग्णालय हे अंतर रात्रपाळीच्या दृष्टीने मोजावे, आणि वाहन असेल तर ते नाईटलाही येते का हे मुलींनाच विचारावे. पाण्याचा प्रश्नही क्षुल्लक समजू नये. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पांढरा गणवेश रोज धुणे म्हणजे काय असते हे होस्टेलच्या मुलीच सांगू शकतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींची खरी परीक्षा पहिल्या वर्षी असते. शरीररचनाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पुस्तके इंग्रजीत, उत्तरेही इंग्रजीत. यावर उपाय म्हणून काही स्कूल पाठ करण्याच्या नोट्स वाटतात. चांगल्या ठिकाणी ट्यूटर आधी मराठीत समजावतात, मग तेच इंग्रजीत लिहायला लावतात, आणि सहा-आठ महिन्यांत मुलगी केसपेपर स्वतः वाचू लागते. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक असावा असा निकष आहे. भिंतीवरील शिक्षकांच्या यादीतील किती जण त्या दिवशी इमारतीत आहेत, हे विचारायला काहीच हरकत नाही.

नोकरीच्या हमीचा अर्थ बहुधा त्याच ट्रस्टच्या रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर बारा तासांची ड्यूटी असा असतो. त्यासाठी सेवेचा बॉण्ड लिहून घेणे किंवा मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणे असे प्रकार होतात. मूळ कागद पडताळणीपुरते दाखवावेत आणि साक्षांकित प्रती द्याव्यात. टीसी मात्र संस्थेकडे जमा होतेच, तिची पोच घ्यावी. हमीऐवजी मागील तुकडीची माहिती विचारावी: किती मुली उत्तीर्ण झाल्या, त्यांपैकी किती जणींची परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, आज त्या कुठे कामाला आहेत, आणि त्यांच्यातील दोघींशी फोनवर बोलता येईल का. एम्ससारख्या संस्थांच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला जीएनएमधारकांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा पहिली नोकरी कुठे करायची याचा विचारही त्या फोनवरच सुरू करावा.