सातच्या भोंग्यानंतर काय? गावात पुस्तक-खेळ कट्टा उभा करताना

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, त्याची चर्चा देशभर झाली. भोंगा कुठल्याही गावाला बसवता येतो. पण रिकाम्या झालेल्या त्या दीड तासात माणसांनी करायचं काय, हे आधी ठरवलेलं नसेल तर चौथ्या दिवशी मालिका परत सुरू होते. ती वेळ भरून काढणारा कट्टा कसा उभारायचा, ते खाली दिलं आहे.

एक गोष्ट पक्की धरून चाला. नुसती पुस्तकं ठेवली तर ती कपाटात पडून राहतात, नुसते खेळ ठेवले तर दोन महिन्यांत तरण्या पोरांचा अड्डा होतो. दोन्ही एका खोलीत, एकाच वेळी हवेत. डावात आपली पाळी येईपर्यंत बसलेला माणूस समोरचं पुस्तक चाळतो, आणि वाचक तिथंच तयार होतो.

जागा आणि वेळ

समाजमंदिर, शाळेची खोली, देवळाची ओवरी, काहीही चालेल. देवळात यायला ज्यांना अवघड वाटतं अशी माणसं गावात असतील तर देऊळ टाळा. किल्ल्या दोन करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा, त्यातलं एक घर खोलीला लागून असलेलं बघा. असे कट्टे बंद पडतात ते पुस्तकं संपली म्हणून नव्हे, किल्लीवाला लग्नाला गेला म्हणून.

वेळ डेअरीवर दूध घालून झाल्यावरची, म्हणजे सात ते साडेआठ. तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारी ते मार्च माल उतरायचा हंगाम असतो, तेव्हा मोठी माणसं येणार नाहीत. ते गृहीत धरा आणि त्या महिन्यांत मुलांवर भर द्या. उद्घाटन ऐन हंगामात करू नका.

खोलीच नसेल तर महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारकडे बघा. ४ मे २०१७ ला हे पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हा एक मोठं ग्रंथालय बांधण्याऐवजी विषयवार पुस्तकं गावातल्या घरांमध्ये ठेवली. छोट्या गावात तीन ओसऱ्या मिळाल्या तरी पुरे: एकीत मुलांची पुस्तकं, दुसरीत कथा-कादंबऱ्या, तिसरीत खेळ. फक्त ओसरी अशी निवडा, की परक्या घरात शिरल्यासारखं वाटू नये.

पुस्तकं: दोनशे पुरेत

सुरुवातीला साधारण दोनशे पुस्तकं घ्या. त्यात ऐंशी चित्रांची, पातळ, मुलांसाठी. चाळीस कथा-कादंबऱ्या, तीस चरित्रं-आत्मचरित्रं, वीस शेती-जनावरं-आरोग्य, वीस मोठ्या टायपातली म्हाताऱ्यांसाठी, आणि दहा शेजारच्या भाषांमधली. मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक सुरू करा. १९७१ पासून ते निघतं आणि खिशाला परवडतं. स्पर्धा परीक्षांची गाइडं घेऊ नका. एकदा ती आली की खोलीची अभ्यासिका होते, ‘गप्प बसा’ सुरू होतं आणि सोंगट्या बाहेर जातात. अभ्यासिका हवीच असेल तर ती वेगळी काढावी.

देणगीत आलेली पुस्तकं बघितल्याशिवाय घेऊ नका. लोक रद्दीच दान करतात: जुना अभ्यासक्रम, सहकारी संस्थेचे अहवाल, एकाच ग्रंथाच्या अकरा प्रती. देणाऱ्याला आधीच सांगून टाका, की दहातली दोन ठेवू, बाकीची रद्दीत घालून त्या पैशात नवी आणू.

आपल्या भागाचा एक खण मात्र ठेवाच. सांगली जिल्ह्यात तो भरायला अडचण नाही. आटपाडी तालुक्यातलं माडगूळ हे माडगूळकर बंधूंचं गाव आणि वाळवा तालुक्यातलं वाटेगाव अण्णाभाऊ साठ्यांचं. ज्यांनी शाळा सुटल्यापासून पुस्तक उघडलेलं नाही, ते याच खणापासून सुरुवात करतात, कारण त्यातली माळरानं आणि माणसं त्यांना माहीत असतात.

नोंदीला दोन वह्या लागतात. पहिली दाखल वही: क्रमांक, नाव, लेखक, कुठून आलं, तारीख. तोच क्रमांक पुस्तकाच्या पाठीवर आणि आत ठरलेल्या एका पानावर, समजा १७ व्या, लिहायचा. पहिलं पान फाटलं तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. दुसरी देवघेवीची वही, आणि तिच्यात पान पुस्तकाच्या नावानं न ठेवता घराच्या नावानं ठेवा. पुस्तक एकानं नेलेलं असतं, वाचतं घरातलं दुसरंच कुणी, आणि परत आणून देते नात. मुदत पंधरा दिवस. दंड लावू नका. पाच रुपये द्यायची लाज वाटून माणूस पुस्तकही आणत नाही आणि कट्ट्यावरही येत नाही.

रॅकचा खालचा खण जमिनीपासून किमान १५ सेंटीमीटर वर आणि पाठ भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. ओल आणि वाळवी दोन्ही जमिनीतून आणि भिंतीतून येतात. खण गच्च भरू नका, चौथा हिस्सा मोकळा राहू द्या. मुलांची पातळ पुस्तकं रॅकमध्ये दिसतच नाहीत, ती दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवा. दोरी सहा वर्षांच्या पोराच्या छातीएवढ्या उंचीवर.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दोन वर्षांत तो पिवळा पडतो, त्याचा डिंक शेजारच्या पानाला चिकटतो आणि मग दोन्ही पानं जातात. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. गार झालेली खळ बोटानं अगदी पातळ लावा, वर पतंगाच्या पांढऱ्या कागदाची पट्टी बसवा, खाली-वर प्लॅस्टिकचा कागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. खळ जास्त झाली तर पान आकसतं आणि कसरीला खायला मिळतं. उरलेली खळ दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

खेळ: विकत कमी, हातानं जास्त

सारीपाटाचा पट गावातच शिवून घ्या. मध्ये एक चौक, त्याच्या चार बाजूंना चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात तीन रांगा आणि रांगेत आठ घरं, म्हणजे एकूण ९६. घर पाच सेंटीमीटरचं धरलं तर पट ९५ सेंटीमीटर लांब-रुंद होतो. मांजरपाटाचं कापड सव्वा मीटर चौरस घ्या, आणि आखण्याआधी एकदा धुऊन वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि घरं तिरकी होतात. सोंगट्या चार रंगांच्या, प्रत्येकी चार. कवड्या सहा, शिवाय सहा राखीव.

उताण्या कवड्या मोजायच्या: दोन ते सहा पडल्या तर तेवढंच दान, एकच उताणी पडली तर दहा, सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. ही पद्धत सर्रास चालते, पण दर गावाचे नियम थोडे वेगळे असतात आणि भांडण तिथंच होतं. गावातल्या जाणत्या बायकांना विचारून नियम ठरवा, पुठ्ठ्यावर लिहा आणि भिंतीला टांगा. पूर्ण डाव दीड तासात संपत नाही, म्हणून रोजच्याला प्रत्येकी दोनच सोंगट्या घेऊन खेळा.

नवकंकरी त्याहून सोपी. एकात एक तीन चौकोन, बाहेरचा ३०, मधला २० आणि आतला १० सेंटीमीटरचा. प्रत्येक बाजूचे मध्य रेषेनं जोडायचे (आतला चौकोन मोकळा राहतो), की २४ जागा होतात. दोघांकडे नऊ-नऊ खडे. आळीपाळीनं खडे मांडायचे, मग रेषेवरून सरकवायचे. एका रेषेत तीन जुळले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. ज्याच्याकडे दोनच उरले, तो हरला. डाव पंधरा मिनिटांत संपतो, त्यामुळे ‘पाच मिनिटं बघून जातो’ म्हणणारे इथंच अडकतात. आखणी ओसरीच्या फरशीवर ऑइलपेंटनं केली तर पट हरवायचा प्रश्नच नाही.

बुद्धिबळाचे दोन संच घ्या, म्हणजे हरवलेली प्यादी एकमेकांतून भरता येतात. स्पर्धांची आणि खेळाडूंची सांगलीत जुनी परंपरा आहे, त्यामुळे चाली शिकवणारं कुणी ना कुणी जवळपास मिळतं. कॅरम पहिले दोन महिने आणूच नका. तो आला की चार धट्टीकट्टी पोरं दीड तास हलत नाहीत आणि बाया-मुली दारातून परत जातात. नंतर आणलात तर ज्याच्या हातात त्या आठवड्यात वाचायला नेलेलं पुस्तक आहे तोच खेळेल, असा नियम करा. नियम आगाऊ आहे खरा, पण चालतो.

तीन वर्षांखालची पोरं येत असतील तर कवड्या, खडे, चिंचोके त्यांच्या हाताला लागू देऊ नका. ती सरळ तोंडात घालतात.

पाहुणे भाषा घेऊन येतात

सांगली जिल्ह्याला या बाबतीत जे आहे ते फार थोड्या ठिकाणी असेल. विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातली हजारो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या, धंद्यापायी तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पांगली आहेत. जत्रेला, दिवाळीला, मे महिन्यात ती गावाकडं येतात. त्यांची पोरं घरात मराठी बोलतात, पण शाळा तमिळ, तेलुगू किंवा इंग्रजीत, त्यामुळे देवनागरी वाचताना अडखळतात आणि गावच्या पोरांत मिसळायला बुजतात. जतकडं कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. हिवाळ्यात बीडकडची ऊसतोड कुटुंबं साखर कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकून राहतात.

यांना स्टेजवर बोलावून नारळ-शाल देऊ नका. सत्कार झाला की पाहुणा पाहुणाच राहतो. पटासमोर बसवा आणि त्यांचा खेळ त्यांनाच शिकवू द्या. तमिळ घरातला पल्लांगुळी घेतला तर मांडणी अशी: दोन रांगांत सात-सात खळगे, एकूण १४. लाकडी पाट नसेल तर पुठ्ठ्यावर चौदा वाट्या चिकटवा. प्रत्येक खळग्यात पाच चिंचोके, म्हणजे ७०. चिंचोके दोन दिवस कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर भुंगा लागतो. आपल्या बाजूच्या कुठल्याही खळग्यातले सगळे चिंचोके उचलायचे आणि घड्याळाच्या उलट दिशेनं एकेक पेरत जायचं. हातातले संपले की पुढच्या खळग्यातले उचलून तसंच चालू ठेवायचं. पुढचा रिकामा असेल तर त्याच्या पलीकडच्यातले आपले झाले आणि पाळी संपली. लागोपाठ दोन रिकामे आले तर काहीच मिळत नाही. मधेच एखाद्या खळग्यात चार जमले, की ज्याची बाजू त्यानं ते उचलायचे. त्या चारांना तमिळमध्ये ‘पसु’, म्हणजे गाय, म्हणतात. गोठ्यातून आलेल्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन पथ्यं पाळा. एक, ज्याचा खेळ त्यानं त्याच्याच भाषेत आकडे मोजायचे, इतरांनी त्याच्यामागून म्हणायचे. आठ दिवसांत वीसपर्यंतचे तमिळ किंवा कन्नड आकडे विनासायास पाठ होतात. दुसरं, एका पटाभोवती चारपेक्षा जास्त जण नकोत आणि त्यात एकाच घरातले दोघे नकोत. एका घरातली पोरं शेजारी बसली की आपसातच बोलत राहतात.

डाव झाला की त्याच चौघांना एक द्विभाषिक चित्रपुस्तक द्या. एक पान पाहुण्यानं त्याच्या लिपीतून वाचायचं, पुढचं आपल्याकडच्यानं मराठीतून. शब्द अडला तर तो भिंतीवरच्या तक्त्यावर दोन्ही लिप्यांत लिहून ठेवायचा. ऊसतोडीच्या मुलांसाठी मात्र कट्ट्यावर वाट बघत बसू नका. रात्री अंधारात कोप्यांपासून गावात कुणी पोरं पाठवत नाही. आठवड्यातून एकदा तीस पुस्तकं आणि दोन पट पिशवीत घालून, अंधार पडायच्या आत तळावर जा. पुस्तकं चिखलात, चुलीजवळ खराब होणार, म्हणून त्या पिशवीत जुन्या प्रती ठेवा आणि हिशेब मागू नका.

दीड तासाची विभागणी

सात ते सव्वासात देवघेव. ती शेवटी ठेवली तर जेवणाच्या घाईत नोंदी राहून जातात. मग पाऊण-एक तास खेळ, आणि शेवटची पंधरा मिनिटं एकानं मोठ्यानं वाचायचं. मोठ्यानं वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणून पंधराशे शब्दांपेक्षा मोठा मजकूर निवडू नका. गोष्ट लांब असेल तर रंगात आलेली असताना थांबवा आणि पुस्तक घरी नेऊ देऊ नका, उद्यासाठी खोलीतच ठेवा. वाचायला मास्तरच लागतात असं नाही. ज्याला ऐकू कमी येतं तो म्हातारा बहुधा सगळ्यात मोठ्यानं वाचतो.

वर्षातून एकदा, मृग लागायच्या आधी, सगळी पुस्तकं सतरंजीवर काढा. तासभर सावलीत वारा द्या, उन्हात ठेवू नका, पुठ्ठे वाकडे होतात. दाखल वहीशी ताळा जमवा. जे पुस्तक दोन वर्षांत एकदाही बाहेर गेलेलं नाही, ते शेजारच्या गावच्या कट्ट्याशी बदलून घ्या. आणि कवड्या मोजा, सहाच्या जागी पाच निघतील.