लॉक स्टेप : पाय अडखळू न देता पाय कसा अडकवावा

लॉक स्टेप म्हणजे जोडीने करायच्या बॉलरूम नाचातली, एक पाय दुसऱ्याच्या मागे किंवा पुढे अडकवण्याची चाल. ती शिकणाऱ्याचं सगळं लक्ष पायांवर असतं. एक पाय दुसऱ्याच्या मागे कधी न्यायचा, किती न्यायचा, याच विवंचनेत तो असतो. पण अंगाचा कोन बरोबर असेल आणि पहिल्या पावलावर उंची घेतली असेल, म्हणजे अंग चवड्यावर वर उचललं असेल, तर मागचा पाय स्वतःच जागेवर येतो. म्हणून सराव पहिल्या पावलापासून करा.

क्विकस्टेप या वेगवान बॉलरूम नाचातला फॉरवर्ड लॉक, म्हणजे पुढे जात केलेला लॉक घेऊ, पुढे जाणाऱ्याच्या बाजूने. ताल स्लो-क्विक-क्विक-स्लो; स्लोला दोन ठोके, क्विकला एक.

उभं राहताना तोंड तिरकं, भिंतीच्या दिशेला ठेवा, पण जायचं आहे लाइन ऑफ डान्सच्या, म्हणजे जोड्या हॉलभर ज्या दिशेने फिरतात त्या दिशेने. डावा खांदा आणि डावी कंबर किंचित पुढे राहते. हा कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. अंग सरळ समोर वळलं की मांड्या एकमेकींना अडतात आणि लॉकला जागाच उरत नाही.

पहिलं पाऊल, स्लो: उजवा पाय जोडीदाराच्या उजव्या बाजूने, बाहेरून पुढे. आधी टाच, मग पूर्ण तळवा, मग चवडा. इथे दोन ठोके मिळतात, ते पुरते वापरा. दुसरा ठोका संपत येताना गुडघा सरळ होतो आणि टाच उचलली जाते. बहुतेक बिघडलेले लॉक इथेच, घाईने टाकलेल्या या पावलावर बिघडलेले असतात.

दुसरं, क्विक: डावा पाय तिरका पुढे, चवड्यावर. पाऊल बेताचं ठेवा. लांब टाकलं तर मागचा पाय ओढत आणावा लागतो आणि ते लांबूनही दिसतं.

तिसरं, क्विक: उजवा पाय डाव्याच्या मागे, चवड्यावरच. उजवा गुडघा डाव्याच्या मागे खेटून बसतो. वजन पूर्ण उजव्या पायावर जायलाच हवं. खात्री करायची तर इथेच थांबा आणि डावा पाय उचलून पाहा. तोल गेला तर वजन अर्धवटच आलेलं आहे.

चौथं, स्लो: डावा पाय पुन्हा तिरका पुढे, चवड्यावर, मग सावकाश टाच खाली. उतरताना गुडघा मऊ ठेवा.

जोडीदार हेच मागे जात करते. तिचं पहिलं पाऊल चवड्याने मागे पोचतं आणि लॉक होणारा पाय मागून न येता पुढून येतो. खाली बघण्याचा मोह दोघांनीही टाळावा, मान झुकली की उंची जाते.

क्विकस्टेपचा वेग मिनिटाला साधारण 50 बार (चार-चार ठोक्यांचे गट), म्हणजे 200 ठोके. एका क्विकला जेमतेम 0.3 सेकंद मिळतो. तेव्हा सुरुवातीला संगीत नकोच. तोंडाने मोजत, हवं तर भिंतीला हात लावून करा. चारही पावलं न डळमळता जमली की मगच वेग वाढवा.

वॉल्ट्झ या तीन ठोक्यांच्या नाचातल्या बॅक लॉकमध्ये, म्हणजे मागे जात केलेल्या लॉकमध्ये, मोजणी 1-2-आणि-3 होते. दुसरा ठोका दोन पावलांत वाटला जातो, त्यामुळे लॉकचं पाऊल 'आणि'वर पडतं.

चा-चा-चा या लॅटिन नाचातला लॉक 4-आणि-1 वर येतो. तिथे चवड्यांवर चढून तरंगत जायचं नसतं, उंची सारखीच राहते. पुढे जाताना मागून येणाऱ्या पायाची बोटं बाहेर वळलेली असतात आणि त्याची टाच जमिनीला टेकत नाही. क्विकस्टेपची सवय झालेल्यांना ही उंची आवरणंच जास्त जड जातं.