एडिटरला एआय जोडताना या चुका टाळा

व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये एआय सहायकाचं एक्स्टेन्शन टाकलं, लॉगिन केलं, चॅट उघडलं आणि उत्तराच्या जागी नुसतं चाक फिरतंय. अशा वेळी बहुतेक जण एक्स्टेन्शन काढून परत टाकतात. तरी चालेना म्हणून दुसरं टाकतात. तासाभरात एडिटरमध्ये तीन सहायक बसतात, टॅब दाबला की कुणाची सूचना घुसेल याचा नेम नाही, आणि मूळ बिघाड होता तिथेच.

आधी लॉग (एक्स्टेन्शनने लिहिलेल्या नोंदी) वाचा. कंट्रोल-शिफ्ट-यू दाबलं की आउटपुट पॅनल उघडतं; त्यातल्या यादीतून एक्स्टेन्शनचं नाव निवडा आणि शेवटच्या ओळी बघा. तिथला एरर कोड ४०१ म्हणजे एपीआय की (प्रोग्रामला एआय सेवेशी बोलू देणारा गुप्त कोड, इंग्रजीतली key) चुकीची. ४०४ म्हणजे सर्व्हरचा पत्ता किंवा मॉडेलचं नाव चुकलंय. ४२९ म्हणजे मर्यादा ओलांडली, नाहीतर खात्यात शिल्लक नाही. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

पुढची उदाहरणं एकाच कामाची घेतली आहेत: सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्यासाठी (शेतमाल विकून देणाऱ्या दलालासाठी) हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, काढणारं छोटं सॉफ्टवेअर.

पैसे एकीकडे, एपीआय की दुसरीकडे

चॅटजीपीटी प्लसचे पैसे भरले म्हणजे एपीआयचे भरले असं होत नाही. दोन्हींचा हिशोब वेगळा. एडिटरमध्ये एपीआय की टाकणार असाल तर एपीआयच्या खात्यात वेगळी रक्कम भरावी लागते. क्लॉड कोड या अँथ्रोपिकच्या कोडिंग सहायकात उलटी गंमत होते. सबस्क्रिप्शनने लॉगिन केलेलं असतं, पण जुन्या प्रयोगातली अँथ्रोपिकची की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामांना वाचता यावी म्हणून सिस्टीममध्ये नावाने ठेवलेल्या नोंदीत) राहून गेलेली असते. मग क्लॉड कोड ती की वापरतो आणि बिल एपीआयला लागतं. सबस्क्रिप्शनवरच चालवायचं असेल तर ते व्हेरिएबल काढून टाका.

कार्ड नाकारलं जात असेल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते बघा. बऱ्याच डेबिट कार्डांवर ते मुळात बंदच असतात.

की बरोबर, तरी ४०१

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सेट कमांडने की भरताना लोक सवयीने अवतरण चिन्हं लावतात. तिथे ती चिन्हंसुद्धा किंमतीचा (व्हॅल्यूचा) भाग होतात, म्हणजे सर्व्हरकडे जाणारी की अवतरणासकट जाते. शिवाय सेटने भरलेली किंमत त्या खिडकीपुरतीच. सेटएक्सने भरली तर टिकते, पण आधीच उघड्या असलेल्या प्रोग्रामला ती दिसत नाही. त्यासाठी एडिटरच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडावा लागतो. ‘रीलोड विंडो’ने भागत नाही.

की कोडमध्ये लिहू नका. डॉट ईएनव्ही फाइलमध्ये ठेवा आणि गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरत असाल तर त्या फाइलचं नाव गिटइग्नोर फाइलमध्ये घाला. मात्र फाइल एकदा कमिट झाली (गिटच्या इतिहासात नोंदली गेली) असेल तर गिटइग्नोर तिला हात लावत नाही. गिट आरएम कमांड कॅश्ड पर्यायासकट चालवून ती बाहेर काढावी लागते, आणि तरीही की जुन्या कमिटमध्ये राहतेच. कोड गिटहबवर गेला असेल तर पहिलं काम ती की रद्द करून नवी घेणं. इतिहास साफ करायचं नंतर बघू.

एमसीपी: वेळ खातो तो इथे

एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) हा अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला प्रोटोकॉल. सहायकाला डेटाबेस, फाइली किंवा दुसरी साधनं जोडायची ही सामाईक रीत आहे. सामाईक असली तरी कॉन्फिग फाइल सगळीकडे सारखी नसते. व्हीएस कोडच्या एमसीपी डॉट जेसनमध्ये वरच्या पातळीवर ‘सर्व्हर्स’ हे नाव लागतं, तर कर्सर (दुसरा एक एआय एडिटर) आणि क्लॉड डेस्कटॉपमध्ये ‘एमसीपीसर्व्हर्स’ (त्यातला मधला एस कॅपिटल). कर्सरची फाइल जशीच्या तशी व्हीएस कोडमध्ये चिकटवली की सर्व्हर यादीत येतच नाही.

विंडोजवर ‘स्पॉन एनपीएक्स’ आणि पुढे ‘ईएनओईएनटी’ (म्हणजे फाइल सापडली नाही) असं दिसलं तर कमांडच्या जागी सीएमडी लिहा आणि आर्ग्युमेंटमध्ये आधी स्लॅश-सी, मग एनपीएक्स द्या. पाथमधला प्रत्येक बॅकस्लॅश जेसनमध्ये दोनदा लिहायचा. एकेरी राहिला की फाइल बहुतेक वेळा वाचलीच जात नाही.

पट्टीच्या डेटाबेससाठी स्वतः एमसीपी सर्व्हर लिहिला असेल तर एक चूक हमखास होते: तपासायला म्हणून टाकलेला प्रिंट. एसटीडीआयओ पद्धतीत सर्व्हर आणि एडिटर स्टँडर्ड आउटपुटवरच बोलतात. त्या वाटेत ‘डेटाबेस जोडला’ अशी एक साधी ओळ आली तरी संभाषण फाटतं. लॉग नेहमी स्टँडर्ड एररवर लिहा. नेमकं काय झालं ते बघायला कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘एमसीपी: लिस्ट सर्व्हर्स’ निवडा आणि ‘शो आउटपुट’ उघडा.

दिसला सर्व्हर की जोड, असंही करू नका. व्हीएस कोडमध्ये एका विनंतीला जास्तीत जास्त १२८ टूल (सर्व्हरने सहायकाला दिलेली साधनं) चालतात, आणि त्याच्या कितीतरी आधीच मॉडेल चुकीचं टूल उचलायला लागतं. या कामाला डेटाबेसचा एक सर्व्हर पुरतो.

हॉटस्पॉटवर चालतं, कॉलेजात नाही

अशा वेळी मधे बहुतेकदा संस्थेचा प्रॉक्सी (इंटरनेटच्या वाटेतला सर्व्हर) असतो, आणि तो स्वतःचं सर्टिफिकेट लावतो. लॉगमध्ये ‘सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट’ दिसतं. एसएसएलची तपासणीच बंद करून टाकायचा सल्ला जागोजागी मिळेल. तो घेऊ नका, कारण मग तुमची की कुणाच्या हातात पडतेय ते कळणार नाही. संस्थेच्या सिस्टीम ॲडमिनकडून रूट सर्टिफिकेट घ्या आणि ‘नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स’ या व्हेरिएबलमध्ये त्याचा पाथ द्या.

जुन्या डेस्कटॉपवर लाइट जाऊन आली की घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं. तारीख चुकली की सर्टिफिकेटही अमान्य ठरतं. मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा सेल बदला, प्रश्न मिटला.

८ जीबीच्या लॅपटॉपवर ओलामा

ओलामा म्हणजे मॉडेल स्वतःच्याच मशीनवर चालवणारा प्रोग्राम. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटमध्ये साधारण साडेचार जीबी जागा घेतं. त्यात ब्राउझर, एडिटर आणि मायएसक्यूएल डेटाबेस चालू असेल तर मशीन रांगायला लागतं. टाइप करताना कोडच्या सूचना द्यायला दीड अब्जाचं कोडर मॉडेल घ्या, चॅटसाठी ऑनलाइन सेवा वापरा.

ओलामाचा पोर्ट ११४३४. ओपनएआयसारखी जोडणी मागणाऱ्या एक्स्टेन्शनला पत्त्याच्या शेवटी स्लॅश-व्हीवन लागतं. एडिटर डॉकर कंटेनरात (मशीनमधल्याच वेगळ्या बंदिस्त जागेत) चालत असेल तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. तुमचा लॅपटॉप नव्हे. उत्तर अर्धवट किंवा विषय सोडून येत असेल तर कॉन्टेक्स्टची लांबी (मॉडेल एका वेळी किती मजकूर वाचतं ती मर्यादा) तपासा. मर्यादेबाहेरचा मजकूर ओलामा गुपचूप कापतो, एरर देत नाही.

मोकळीक किती द्यायची

फाइल सर्व्हरला प्रकल्पाचं फोल्डर द्या, सी ड्राइव्ह नको. डेटाबेसचा रूट पासवर्ड तर नकोच. फक्त वाचण्याची परवानगी असलेला वेगळा युजर काढा आणि तोही चाचणीच्या प्रतीवर. अडत्याच्या खऱ्या वहीत शेतकऱ्यांची नावं आणि बँक खाती असतात. एजंटला (स्वतः फाइली बदलणाऱ्या, कमांड चालवणाऱ्या सहायकाला) काम सांगण्याआधी कमिट करा. टर्मिनलच्या सगळ्या कमांड आपोआप मंजूर करून ठेवल्या आणि एजंटने गिट क्लीन चालवलं, तर कमिट न केलेल्या नव्या फाइली गेल्या. त्या गिट परत देऊ शकत नाही.

दर क्विंटलचा, वजन किलोचं

जोडणी ठीक झाली तरी सहायकाला यार्डाची रीत ठाऊक नसते. समजा १,२४० किलो हळद आणि दर १४,५०० रुपये. पट्टीत १,७९,८०० रुपये यायला हवेत. दर क्विंटलचा आहे हे सांगितलं नाही तर सरळ गुणाकार होतो आणि १,७९,८०,००० येतात. हा आकडा डोळ्यात भरतो म्हणून चूक सापडते. हमाली-तोलाई वजा करताना पैशांचं राउंडिंग चुकलं तर ते हिशोबाला बसल्यावरच कळतं. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात एजंट्स डॉट एमडी ही सहायकासाठीच्या सूचनांची फाइल ठेवा (गिटहबच्या कोपायलट या सहायकाची स्वतःची फाइल डॉट गिटहब फोल्डरात, कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स डॉट एमडी या नावाने) आणि चार ओळी लिहा: दर प्रति क्विंटल, वजन किलोत, रक्कम पैशांत पूर्णांक, हमाली-तोलाई एकूण रकमेतून वजा. पानभर सूचना नकोत.

मराठी नावं आली की गडबड

इंग्रजी नावांवर सगळं नीट चालतं, आणि ‘हळद’ आली की पायथॉनचा ‘चारमॅप’ एरर. विंडोजवर पायथॉन फाइल उघडताना बहुतेक आवृत्त्या यूटीएफ-८ (सगळ्या लिपी साठवता येणारं एन्कोडिंग) गृहीत धरत नाहीत. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहा, किंवा सर्व्हरच्या कॉन्फिगमधल्या ईएनव्ही भागात ‘पायथॉन यूटीएफ८’ची किंमत १ करा. एक्सेलमधून आलेल्या सीएसव्हीचा पहिलाच कॉलम सापडत नसेल तर फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी बीओएम खूण असते. ती ‘यूटीएफ-८-सिग’ने वाचली की निघून जाते.

मायएसक्यूएलमध्ये टेबल आणि जोडणी दोन्ही यूटीएफ८एमबी४ ठेवा. सहायकाने लिहिलेल्या कोडमध्ये जोडणीचा चारसेट (अक्षरं साठवायची पद्धत) बऱ्याचदा राहून जातो. टेबलात नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठली असतील तर ती अक्षरं गेलेलीच आहेत. नंतर चारसेट बदलून ती परत येत नाहीत. कागदी पट्ट्या काढून नावं पुन्हा भरावी लागतात.