पातळ सिलिकॉनवर चांदीची नॅनो-बेटं: उजेड खाऊ न देता आत वळवायचा कसा

सौरसेलवर बसवलेलं चांदीचं नॅनो-बेट, म्हणजे चांदीचा बारीक कण, पडलेल्या उजेडाचं दोनपैकी एक करतो. एकतर तो विखुरतो, नाहीतर स्वतःच खाऊन गरम होतो. विखुरलेला उजेड सिलिकॉनमध्ये तिरका शिरतो, आत लांबचा पल्ला मारतो आणि वीज देतो. खाल्लेला फुकट जातो. म्हणून ‘नमुना काळा दिसतोय, म्हणजे शोषण वाढलं’ हा निष्कर्ष इथे पहिल्यांदा विसरायचा. खालची सगळी धडपड कण खादाड होऊ नये यासाठी आहे.

आधी गरज आहे का ते पाहा. सिलिकॉनमध्ये ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश साधारण १२ मायक्रॉनवर एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो; १००० नॅनोमीटरला हीच खोली सुमारे १५० मायक्रॉन होते. थर १.२५ मायक्रॉनचा असेल तर ८०० नॅनोमीटरचा जेमतेम १० टक्के प्रकाश एका फेरीत पकडला जातो, बाकीचा आरपार. अशा पातळ, सपाट सेलवर चांदी खरी कामाची. जाड वेफरच्या (सिलिकॉनच्या चकतीच्या), पृष्ठभागावर पिरॅमिड कोरलेल्या सेलला ती फारसं काही देत नाही. पिरॅमिड तेच काम स्वस्तात करतात.

किती फायदा होऊ शकतो? १९९८ मध्ये स्टुअर्ट आणि हॉल यांनी १६५ नॅनोमीटर सिलिकॉनच्या डिटेक्टरवर ८०० नॅनोमीटरला १८ पट प्रवाह मिळवला. २००७ मध्ये न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या पिल्लई, कॅचपोल, ट्रुप्के आणि ग्रीन यांनी १.२५ मायक्रॉनच्या सेलवर १०५० नॅनोमीटरला १६ पट वाढ दाखवली. मात्र १०५० ला मुळात एका फेरीत ०.२ टक्केच प्रकाश शोषला जातो, त्यामुळे १६ पट करूनही हातात फार येत नाही. सगळा सौर वर्णपट धरला तर त्याच सेलवर वाढ ३३ टक्के होती. आपला हिशेबही याच ३३ टक्क्यांसारख्या, सगळ्या वर्णपटाच्या आकड्याने करावा.

सोनं नको, चांदीच घ्या. सोनं ५०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश स्वतःच खातं, आणि सिलिकॉनमध्ये शिरलं तर वाहकांचं (प्रकाशाने सुटलेल्या, वीज वाहणाऱ्या भारांचं) आयुष्य पार घालवतं.

सेल निवडताना मागची बाजू पाहा. संपूर्ण ॲल्युमिनियमने झाकलेली पाठ असेल तर कण पुढेच बसवावे लागतील, आणि तिथे नुकसान आहे (ते खाली). दोन्ही बाजूंनी उघडा सेल मिळाला तर कण पाठीवर बसवा. निळा प्रकाश वाटेतच शोषला जातो, कणांपर्यंत फक्त उरलेला तांबडा आणि अवरक्त पोचतो, म्हणजे नेमका आपल्याला परत वळवायचा तोच.

चांदी आणि सिलिकॉन यांच्यामध्ये १० ते ३० नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइडचा थर हवाच. तो नसेल तर धातूला लागून वाहक मरतात आणि ओपन-सर्किट व्होल्टेज (काही न जोडता सेल देतो तो दाब) खाली येतं. थर फार जाड केला तर कणाजवळचं क्षेत्र सिलिकॉनपर्यंत पोचत नाही.

सफाई: कोऱ्या वेफरसाठी पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया ५:१:१ प्रमाणात, ७५ ते ८० अंशांना १० मिनिटं. मग डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने धुऊन नायट्रोजनने वाळवा. तयार सेलवर हे द्रावण चुकूनही वापरू नका, अमोनिया ॲल्युमिनियमचे संपर्क खाऊन टाकतो. तिथे फक्त आयसोप्रोपेनॉल आणि डीआय पाणी.

आता निर्वात चेंबरमध्ये चांदीची वाफ करून थर चढवणं. ९९.९९ टक्के शुद्ध चांदी, टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमची बोट (चांदी तापवायची होडीसारखी पात्री), दाब ५ × १०⁻⁶ मिलिबारच्या खाली. पावसाळ्यात चेंबर उघडं राहिलं की भिंतींवर बाष्प बसतं आणि हा दाब गाठायला दुप्पट वेळ जातो. घाई करू नका. बोट ते नमुना २० सेंटीमीटर असेल तर १४ नॅनोमीटरच्या थरासाठी (आपल्याला हवी ती जाडी) हिशेबाने सुमारे १८ मिलिग्रॅम चांदी लागते. प्रत्यक्षात १०० मिलिग्रॅम भरा, शटर (वाफ अडवणारं झाकण) बंद ठेवून वितळवा, सुरुवातीचा मळ शटरवर जाऊ द्या, मग उघडा. वेग सेकंदाला ०.०५ ते ०.१ नॅनोमीटर.

क्रिस्टल मॉनिटरवर (थराची जाडी चढताना दाखवणाऱ्या यंत्रावर) चांदीचे आकडे भरा: घनता १०.४९ आणि झेड-गुणोत्तर ०.५२९. टूलिंग फॅक्टर (मॉनिटरची आणि नमुन्याची जाडी जुळवणारा गुणक) मात्र स्वतः काढावा लागतो: मॉनिटरवर १०० नॅनोमीटर दिसेपर्यंत काचेवर थर चढवा, प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या यंत्राने) थराच्या कडेची पायरी मोजा, खरी जाडी भागिले दिसलेली जाडी या गुणोत्तराने जुन्या फॅक्टरला गुणा. हे टाळलं की १४ म्हणून चढवलेला थर ९ चा निघतो आणि पुढचं सगळं बिघडतं. सेलच्या कडा १–२ मिलिमीटर झाकून घ्या, नाहीतर कडेवरून गळती. शेजारी एक काचपट्टी आणि एक चांदी न चढवलेला जुळा सेल ठेवायला विसरू नका.

भाजणं सोपं आहे: २०० अंश सेल्सियस, वाहता नायट्रोजन, ५० ते ६० मिनिटं. चांदी वितळत नाही (ती ९६२ अंशांना वितळते), पण तिचे अणू पृष्ठभागावरून सरकतात. तेलकट ताटावर पाणी पसरत नाही, थेंब धरून बसतं, तशीच ऑक्साइडवर चांदी. काचपट्टी उजेडासमोर धरा: भाजण्याआधी करडी-निळसर, आरशासारखी, भाजल्यावर पिवळट ते नारिंगी. रंग बदललाच नाही तर बेटं सुटलेली नाहीत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर एक सोपा ताळा करता येतो. कण अर्धगोल धरा. त्रिज्या ७० नॅनोमीटर आणि पृष्ठभागाचा ३० टक्के भाग झाकलेला, तर सरासरी जाडी = ०.३ × (२/३ × ७०) = १४ नॅनोमीटर. चढवलेली चांदी आणि दिसणारी चांदी जुळली पाहिजे. खूप कमी आली तर टूलिंग फॅक्टर तपासा, किंवा कण अर्धगोलापेक्षा उंच झालेत का ते पाहा.

१०० ते १५० नॅनोमीटर व्यासाचे कण हवेत. कारण गणितात आहे: शोषण त्रिज्येच्या तिसऱ्या घाताने वाढतं, विखुरणं सहाव्या. त्यामुळे ३०–४० नॅनोमीटरचा कण जवळजवळ नुसता खातो. ५–६ नॅनोमीटरचा थर चढवून असे इवले कण बनवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. काचेवर सुंदर पिवळा रंग येतो आणि सेलचा प्रवाह घटतो. उलट २० नॅनोमीटरच्या वर गेलात तर २०० अंशांना थर नीट फुटत नाही, गांडुळांसारखे लांबट तुकडे राहतात. तसे तुकडे १४ नॅनोमीटरलाही दिसले तर दोष बहुधा सफाईचा.

मोजणीत घोळ घालणारे बरेच जण भेटतात. इंटिग्रेटिंग स्फिअरमधून (सगळ्या दिशांचा उजेड गोळा करणाऱ्या पांढऱ्या पोकळ गोळ्यातून) परावर्तन आणि पारगमन वजा करून येणारं शोषण हे सिलिकॉन अधिक चांदी असं एकत्र असतं. चांदीने खाल्लेलंही त्यात मोजलं जातं. खरा निकाल क्वांटम कार्यक्षमतेचा, म्हणजे पडलेल्या दर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन बाहेर आले त्याचा. त्याच सेलवर, त्याच ठिकाणी, चांदीआधी आणि नंतर, ३०० ते ११०० नॅनोमीटर, १० नॅनोमीटरच्या टप्प्याने. पातळ थरात व्यतिकरणाच्या (लाटा एकमेकींत मिसळून होणाऱ्या चढउताराच्या) लाटा असतात आणि चांदीमुळे त्या सरकतात, म्हणून एका तरंगलांबीवरचं गुणोत्तर फसवतं. वर्णपटाने भारित बेरीज घ्या. जुळ्या सेललाही तेवढंच भाजून मोजा. नुसत्या भाजण्यानेही पृष्ठभाग सुधारू शकतो, आणि ते श्रेय चांदीच्या खात्यावर जातं.

कण पुढच्या बाजूला असतील तर तांबड्यात वाढ आणि निळ्यात घट असा आलेख येतो. अनुनादापेक्षा (कण सर्वांत जोरात विखुरतो त्या तरंगलांबीपेक्षा) कमी तरंगलांबीला कणातून विखुरलेली लाट आणि सरळ आत शिरणारी लाट एकमेकींना कापतात. भाजण्याची वेळ बदलून हे जात नाही. कण पाठीवर न्यावेच लागतात.

पाठीवर कण बसवून झाल्यावर मागे परावर्तक हवा, पण धातूचा आरसा थेट कणांवर चढवू नका. मध्ये १०० नॅनोमीटरच्या वर मॅग्नेशियम फ्लोराइड घाला, किंवा आरशाऐवजी त्या फ्लोराइडवर सरळ पांढरा रंग लावा. हा थर चांदीलाही वाचवतो. देवघरातली निरांजनं जशी काळी पडतात, तसेच हे कण हवेतल्या गंधकाने सल्फाइड होतात, आणि इतक्या बारीक कणांना काही दिवसही पुरतात. थराने अनुनाद तांबड्याकडे सरकतो, म्हणून शेवटची मोजणी थर चढवल्यानंतरच घ्या. तोवर नमुना नायट्रोजनच्या डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद डब्यात) ठेवा, आणि त्यात रबराची वस्तू ठेवू नका. व्हल्कनाइझ केलेल्या रबरात गंधक असतं.