सोसायटीचा जनरेटर आणि घरातला दमा

वीज गेली की खाली जनरेटर धडधडतो आणि घरात कुणाला तरी खोकल्याची उबळ येते. हा संबंध खरा आहे का, हे आधी तपासा. पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारे छोटे साधन, घ्या. सकाळ-संध्याकाळ उभे राहून तीनदा जोरात फुंका, त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा आणि शेजारी जनरेटर किती वेळ चालला तेही नोंदवा. दोन आठवड्यांची नोंद डॉक्टरांनाही उपयोगी पडते आणि सोसायटीच्या कमिटीलाही दाखवता येते.

डिझेलच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनहून बारीक असतात. ते नाकात न अडकता फुप्फुसात खोलवर उतरतात. सोबतच्या नायट्रोजन डायऑक्साइडने श्वासनलिका सुजतात; दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या रुग्णांच्या नलिका आधीच अरुंद असल्याने त्यांना धाप लवकर लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २०१२ साली हा धूर माणसात कर्करोग घडवणारा म्हणून जाहीर केला.

खरा इलाज जनरेटरपाशीच आहे. धुराडे ज्या इमारतीजवळ आहे तिच्याहून वर गेलेच पाहिजे. किती वर, ते जनरेटरच्या क्षमतेच्या, म्हणजे केव्हीएच्या आकड्याच्या, वर्गमुळाला ०.२ ने गुणून निघते: १०० केव्हीएला २ मीटर. पाइप मध्येच कुणाच्या गॅलरीकडे वळवला असेल किंवा सांधा गळत असेल, तर ही उंची वाया जाते. सांध्याभोवती काजळीचा काळा डाग दिसला की गळती समजा.

धुराचा रंगही पाहा. काळा धूर म्हणजे एअर फिल्टर चोंदलेला, इंजेक्टर बिघडलेला किंवा लोड जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंड इंजिन सुरू होताना पांढरा धूर क्षणभर चालतो, नंतरही राहिला तर डिझेल नीट जळत नाही. दर आठवड्याची चाचणी बिनलोड अर्धा तास घेण्याची सवय फार वाईट: इंजिन पुरेसे तापत नाही, न जळलेले डिझेल सायलेन्सरमध्ये साचते. चाचणी लोडवर आणि दुपारीच घ्या. हिवाळ्यात सकाळी थंड हवेत धूर खालीच कोंडतो आणि नेमकी तेव्हाच मुले शाळेला निघालेली असतात.

घरात जनरेटरच्या बाजूच्या खिडक्या लावा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद करा, कारण तो फटींमधून बाहेरचा धूर आत ओढतो. एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर (बारीक कण गाळणारा) किंवा नीट बसलेला एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. जनरेटर बंद होऊन धूर विरला की खिडक्या उघडा.

पीक फ्लोचा आकडा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधयोजना पाळा. ५० टक्क्यांखाली गेला, किंवा बोलताना वाक्य तुटू लागले, तर आराम देणारा इनहेलर स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या आणि लगेच दवाखान्यात निघा.