उत्क्रांती संगणकावर शिकायची असेल तर

या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: प्रोग्रामिंगसाठी पायथॉन शिकू की आर? कुठलंही शिका, कामापुरतं येऊन जातं. घोडं अडतं ते संभाव्यतेपाशी. मी जीवशास्त्राकडून आले, गणित मागे पडलेलं. बायनॉमियल वितरणाची (ठरावीक प्रयत्नांत एखादी गोष्ट किती वेळा घडेल, याच्या संभाव्यतेची) गणितं पुन्हा कागदावर सोडवायला बसले, तेव्हा कुठे शोधनिबंध उलगडू लागले.

पहिला प्रोग्राम राइट-फिशर मॉडेलचा, म्हणजे जनुकाच्या प्रकारांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या कसं बदलतं ते दाखवणारा, लिहा, आणि तोही स्वतः. वीसेक ओळी पुरतात. 50 जीव, प्रत्येकाकडे दोन प्रती, म्हणजे एका जनुकाच्या 100 प्रती. निम्म्या 'अ', निम्म्या 'ब'. पुढची पिढी तयार करायची तर यातून चिठ्ठी उचलायची, नोंदवायची, परत टाकायची. असं 100 वेळा. कुणालाही कसलाच फायदा दिलेला नाही. तरी 'अ'च्या प्रमाणाचा आलेख हेलकावे खात शेवटी एका टोकाला जातोच; सरासरीने 139 पिढ्यांच्या आसपास एक प्रकार नामशेष होतो. हाच जेनेटिक ड्रिफ्ट, निव्वळ योगायोगाने होणारा बदल. कोड बरोबर आहे का, हे पाहायचं असेल तर सुरुवातीला 'अ'ची एकच प्रत ठेवून प्रोग्राम हजारदा चालवा. 'अ' जेमतेम दहाएक वेळा जिंकला पाहिजे.

मग नैसर्गिक निवड घाला. मोठ्या लोकसंख्येत एक टक्का फायदा देणारं नवं म्युटेशनसुद्धा (जनुकातला बदल) शंभरातून साधारण 98 वेळा हरवतं. जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनने हे 1927 मध्येच गणिताने काढलं होतं, पण आपल्याच स्क्रीनवर ते घडताना पाहिलं की 'लायक तोच टिकतो' हे वाक्य जपून वापरायची सवय लागते.

यानंतर कोअलेसंट. गणितज्ञ किंगमनने 1982 मध्ये मांडलेली ही पद्धत काळात उलटी चालते: आजच्या नमुन्यांपासून मागे जात त्यांचे समाईक पूर्वज शोधायचे. त्यासाठी एमएसप्राइम हा तयार प्रोग्राम आहे. निवडीचे गुंतागुंतीचे प्रसंग पिढीमागून पिढी चालवायचे असतील तर स्लिम हा दुसरा प्रोग्राम.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. खऱ्या डेटात ताजिमाचा डी (दुर्मीळ बदल अपेक्षेपेक्षा जास्त असले की ऋण होणारा आकडा) ऋण आला की हात शिवशिवतात: सापडली नैसर्गिक निवड! पण लोकसंख्या झपाट्याने वाढली तरी तो ऋणच येतो. फरक इतकाच की लोकसंख्येचा इतिहास सगळ्या जीनोमवर (जीवाच्या संपूर्ण डीएनएवर) छाप सोडतो आणि निवड मुख्यतः त्या जनुकाच्या आसपास. म्हणून आधी निवडीशिवाय सिम्युलेशन चालवायचं, त्यातून किती ऋण आकडे येतात ते पाहायचं आणि मग आपल्या जनुकाबद्दल बोलायचं. माझ्या मते या विषयातलं निम्मं कौशल्य इथेच आहे. मशिन लर्निंग नंतर शिका.

सरावासाठी 1000 जीनोम्स प्रकल्पाचा डेटा मोफत मिळतो: 26 लोकसमूह, 2504 माणसं. गुणसूत्र 2 वरचा लॅक्टेज जनुकाभोवतीचा भाग घ्या. मोठेपणीही दूध पचू देणारा युरोपातला बदल त्या जनुकाच्या सुमारे 13,910 डीएनए-अक्षरं आधी, शेजारच्या एमसीएम6 जनुकात बसलेला आहे. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे आपली पद्धत कुठे चुकते ते लगेच दिसतं. फक्त व्हीसीएफ फाइल (माणसामाणसांतले डीएनएचे फरक नोंदवलेली) उघडल्यावर पहिल्यांदा संदर्भ जीनोमची (ज्याच्याशी तुलना करून जागा मोजतात त्या नमुना जीनोमची) आवृत्ती बघा, 37 की 38. दोन्हींत जागांचे आकडे वेगळे असतात, आणि आवृत्त्या सरमिसळ झाल्या तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो.